तिसऱ्यांदा विचारलंच नाही

तुम्ही एकदाच विचारलंत. एकदा विचारलंत, रकान्यात खूण केलीत आणि एका माणसाला घरी मरायला पाठवायचं पत्र काढलंत. पत्राखाली सही नाही. 'तपासणी विभाग' एवढंच छापलेलं, म्हणजे शिवी हासडायची तर कोणाच्या नावानं हासडायची तेही कळू नये अशी सोय. ज्या गावातल्या बाईला तुम्ही फोन केलात, त्या गावात एकदा विचारण्याला विचारणं म्हणतच नाहीत. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? तीस वर्षं त्या घरातून विम्याचे हप्ते उचललेत, तेव्हा पत्ता बरा सापडत होता.

ती बाई म्हणजे आर्डिस टॉलेफसन. अमेरिकेत मिनेसोटाच्या वरच्या अंगाला ओटर फोर्क म्हणून गाव आहे, तिथली. वय एकसष्ट, शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबलेली. नवरा वेंडेल काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बर्फ ढकलायचा ट्रक चालवायचा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो ट्रक रस्त्याच्या कडेला नीट उभा केलेला सापडला, दिवे लावलेले, ब्रेक ओढलेला. आत वेंडेल उजवीकडे कलंडलेला, तोंड वाकडं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. बारा दिवसांनी जीभ थोडी वळायला लागली तेव्हा त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "ट्रक... कोणाच्या वाटेत... तर नव्हता ना?" ते वाक्य गावभर कौतुकानं फिरलं. तिथली माणसंच तशी. स्वतः आडवी पडतील, पण वाट अडवणार नाहीत.

आणि कोणाकडून काही घेणार नाहीत. म्हणजे घेतात, पण त्याची रीत आहे. वेंडेल आजारी पडला त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण मार्लिस दारात उभी राहिली, हातात फडक्यात गुंडाळलेला गरम ट्रे.

"बटाटा आणि खिमा आहे. ओव्हनमधनं आत्ताच काढलाय."

"अगं कशाला? मी एकटी, किती खाणार?"

"ठेव तरी."

"नको गं. तुमच्याकडेच लागेल. हॅरॉल्ड आहे ना खाणारा."

"हॅरॉल्डला डॉक्टरनं बटाटा बंद केलाय. त्याच्यासमोर ठेवला तर मी विधवा होईन. घे म्हणते ना!"

"बरं. तू एवढं म्हणतेस म्हणून. थोडासाच हं."

आणि आर्डिसनं अख्खा ट्रे आत नेला. अशी ती रीत. पहिल्याच विचारण्याला हो म्हणतो तो हावरट, दुसऱ्याला हो म्हणतो तो शहरातनं आलेला. भल्या माणसानं दोनदा नको म्हणायचं आणि समोरच्या भल्या माणसानं तिसऱ्यांदा विचारायचं. बर्फात गाडी रुतली तरी हेच. चाकं फिरून फिरून धूर निघत असतो आणि आतला म्हणतो, "नाही नाही, निघेल आपोआप." बाहेरचा तिसऱ्यांदा विचारेपर्यंत दोर बांधूनही झालेला असतो.

आता तुमचा फोन. वेंडेलला गावापासून चाळीस मैलांवरच्या उपचार केंद्रात हलवलं होतं. चालायला, बोलायला आणि गिळायला पुन्हा शिकवतात तिथं. आर्डिस त्याला भेटून गाडीत येऊन बसली आणि फोन वाजला. तुमच्याकडच्या पोरीचा आवाज गोड होता.

"मिसेस टॉलेफसन, कशा आहात?"

"छान! याहून वाईट होऊ शकलं असतं."

"वा. आणि वेंडेल?"

"मजेत आहे. नर्सांना हसवत असतो."

"ऐकून बरं वाटलं. ते घरी आल्यावर तुम्हाला जास्तीची मदत लागेल का?"

"छे छे, आम्ही जमवू," आर्डिस म्हणाली. आणि थांबली.

ती खरोखर थांबली होती. फोन कानाला, डावा हात स्टिअरिंगवर, उजवा मांडीत. तो उजवा खांदा दोन वर्षांपासून छातीच्या वर उठत नव्हता. पोरगी आता म्हणेल, "नक्की ना?" मग आपण म्हणू, "तुम्हाला कशाला त्रास." मग ती म्हणेल, "अहो, त्रास कसला!" आणि मग खांद्याचं सांगता येईल, जिन्याचं सांगता येईल.

"उत्तम!" पोरगी म्हणाली. "दिवस छान जावो." फोन बंद.

आर्डिसला वाटलं, पोरीला घरी काही वळण लावलेलं दिसत नाही. एवढंच वाटलं. त्या एका क्षणात आपल्या नवऱ्याचा निकाल लागला असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

मंगळवारी पत्र आलं. ते तिनं ओट्यापाशी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. शुक्रवारपासून केंद्रातला मुक्काम मंजूर नाही. कारणं खाली होती. रुग्णाचं मनोबल उत्तम. रुग्ण स्वतः प्रगतीबद्दल समाधानी. पत्नी सांगते की घरी मदतीची गरज नाही, 'आम्ही जमवू'. तिचे स्वतःचे शब्द, अवतरणचिन्हांत. हरकत असेल तर गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर फोनवर ऐकून घेतील.

विम्याशिवाय तिथं एक आठवडा राहायचं तरी घर विकावं लागलं असतं, आणि मग न्यायचं कुठं?

तिनं घराकडे पाहिलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. बाहेर पाच पायऱ्या, कठडा एकाच बाजूला आणि तोही उजव्या. वेंडेलचा उजवा हात तर लोंबतोय. न्हाणीघर वर, आत तेरा पायऱ्या. गॅरेजमध्ये अंगणातलं बर्फ वितळवायच्या मिठाची गोणी होती, चाळीस पौंडांची. ती तिनं ओढत आणली आणि पहिल्या पायरीवर चढवायला गेली. दुसऱ्या पायरीला खांद्यातून अशी कळ आली की गोणी सुटली, फाटली, आणि मीठ पायऱ्यांवरून खळखळत खाली गेलं. वेंडेल म्हणजे अशा साडेपाच गोण्या. आर्डिस तिथंच मिठात बसून राहिली. समोरून जाणाऱ्या शेजाऱ्यानं गाडीची काच खाली केली.

"ठीक आहे ना, आर्डिस?"

"हो हो! वसंताची साफसफाई!"

बाहेर गुडघाभर बर्फ होतं. शेजारी दुसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात ती उठून आत गेली. तिचं तिलाच कळेना, आपण असं का केलं.

बुधवारी ती केंद्रात गेली तेव्हा पत्र पर्समध्ये होतं आणि पर्स तिनं पोटाशी धरली होती. वेंडेलच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायची पद्धत होती, आज काय चांगलं झालं ते लिहायचं. वेंडेलच्या चिठ्ठीवर डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं होती : 'बोट हललं.' ते खोटं नव्हतं. उजव्या हाताची करंगळी मागच्या आठवड्यात खरोखर हलली होती आणि तो लहान पोरासारखा ओरडला होता. त्या करंगळीच्या जोरावर तो रोज उठत होता, दांड्या धरून घामाघूम होत होता, पडत होता, पुन्हा उठत होता. ती उमेद त्याची स्वतःची होती. तुम्ही ती पुरावा म्हणून फाइलला टाचलीत.

"आर्डिस," तो खुर्चीतून म्हणाला. शब्द अजून ओले, जड यायचे. "तुझ्या कॉफीचा... वास... छळतोय."

"तुला नाही मिळायची. तुझं ते घट्ट पाणी पी."

त्याला पाणीसुद्धा पावडर घालून मधासारखं घट्ट करून देत. पातळ काही घशाखाली गेलं की रस्ता चुकून फुप्फुसात जायचं.

"ते पाणी... नाही. वॉलपेपरचा... गोंद आहे." तो वाकडा हसला. तीही हसली, रुमाल काढायला पर्समध्ये वाकली, आणि तेवढ्यात त्यानं डाव्या हातानं तिचा कप उचलून घोट घेतला.

आधी आवाजच आला नाही. तिनं वर पाहिलं तर त्याचे डोळे मोठे झाले होते. मग खोकल्याचा एक फाटका आवाज, मग तोही बंद. ओठ निळे पडायला लागले. आर्डिसनं त्याला पुढं वाकवायला खांदा लावला आणि खांद्यानं दगा दिला. ती ओरडली असेल, कारण होदान धावत आली.

होदान तिथली व्यायाम शिकवणारी. तिशीची, सोमाली, डोक्याला हिरवा रुमाल. तिनं एका हातानं वेंडेलला पुढं ओणवं केलं, दुसऱ्यानं पाठीवर दणके घातले, भिंतीवरची शोषायची नळी ओढून घसा साफ केला. दीडेक मिनिट गेलं असेल. वेंडेलच्या तोंडाला रंग आला.

"मेलो... नाही," तो धापा टाकत म्हणाला. "कॉफी... बरी होती."

होदान हसली नाही. खाली पडलेली पर्स तिनं उचलली, आणि बाहेर आलेलं पत्रही. पत्राच्या माथ्यावरचं विमा कंपनीचं नाव ओळखून तिनं ते वाचून काढलं.

"एडो," ती म्हणाली. ती आर्डिसला एडो म्हणायची, तिच्या भाषेत आत्या. "हे तुम्ही म्हणालात? आम्ही जमवू?"

"म्हणाले."

"जमवाल? आत्ता काय झालं ते बघितलंत ना?"

"अगं, ती पुन्हा विचारेल असं वाटलं मला!" आर्डिस म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "एकदा विचारून कोणी फोन ठेवतं का?"

होदान खाली बसली. "देवा रे. तुमचं ते तीनदा. मी इथं आले त्या हिवाळ्यात शेजारच्या बाईनं केक विचारला, मी म्हटलं हो, द्या. सगळ्याजणी बघायलाच लागल्या माझ्याकडे. आमच्याकडे पाहुण्याला विचारत नाहीत, सरळ पुढ्यात ठेवतात. पण एडो, ती फोनवाली तुमच्या गावची नाही. उद्या डॉक्टर विचारेल तेही एकदाच. तयारी करू या. मी डॉक्टर. कशा आहात?"

"छान."

"एडो!"

"तोंडातून जातंच गं ते."

"पुन्हा. मिसेस टॉलेफसन, कशा आहात?"

"बरी... बरी आहे. म्हणजे तशी..."

"नवऱ्याला घरी न्यायला हरकत?"

"तुम्हाला योग्य वाटेल तसं." आर्डिसनं हातानं स्वतःचंच तोंड दाबलं.

वेंडेल हे सगळं ऐकत होता. पत्राचं त्याला आत्ताच कळत होतं. त्यानं डावा हात खुर्चीवर आपटला. "आपण... रडगाणं गाणारी... माणसं नाही. समोरच्या खोलीत... बघ. त्याचे... दोन्ही पाय गेले. मी... येतो घरी. चांगलं... होईल."

"चांगलं होईल, वेंडेल. पण इथं राहिलास तर होईल."

"नको," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं.

सदतीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्या मनाविरुद्ध मोठं असं एकच केलं होतं, हिरवी गाडी घेतली होती.

गुरुवारी रस्त्यावर काचेसारखं बर्फ होतं. चाळीस मैलांना तिला दीड तास लागला. सगळ्या वाटेवर ती मोठ्यानं बोलत होती, "मी बरी नाही. मला मदत हवी. मी बरी नाही. मला मदत हवी." ही दोन वाक्यं तिनं आयुष्यात कधी मोठ्यानं उच्चारली नव्हती. तिला आपण काहीतरी घाणेरडं बोलतोय असंच वाटत होतं. एका वळणावर गाडी घसरली, आडवी झाली, थांबली. मागच्या ट्रकवाल्यानं खाली उतरून विचारलं, "मदत हवी?" आणि ती म्हणाली, "नाही नाही!" आणि मग स्वतःच्या डोक्यावर चापट मारून गाडी सरळ करत बसली.

अकरा वाजता वेंडेलच्या खोलीत फोन टेबलावर, स्पीकर चालू. होदान दाराशी. वेंडेल खुर्चीत, नजर गुडघ्यांवर. त्याला बाहेर नेऊ का म्हणून होदाननं विचारलं होतं. त्यानं मान हलवली होती, नको.

फोनवरच्या माणसानं नाव सांगितलं नाही. तपासणी डॉक्टर, एवढंच. वेंडेलला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं.

"मिसेस टॉलेफसन, कशा आहात आज?"

"छान. तुम्ही कसे आहात?"

दाराशी होदाननं डोळे मिटले. पलीकडे कळांचा टकटक आवाज झाला.

"उत्तम," डॉक्टर म्हणाला. "तर मग आपण..."

"थांबा. ते खोडा."

"काय?"

"आत्ता लिहिलंत ना, छान आहे म्हणून? ते खोडा. मी छान नाही. ती आमची बोलायची सवय आहे. घराला आग लागली तरी आम्ही म्हणतो, थंडी तरी गेली."

तिनं वेंडेलकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"काल त्यानं कॉफीचा एक घोट घेतला आणि निळा पडला. मला त्याला ओणवं करता आलं नाही. माझा उजवा हात इथवरच उठतो, हे मी तुमच्या त्या फोनवरच्या मुलीला सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नाही. त्याला काट्याला काय म्हणतात ते आठवत नाही. त्याला कपडे खराब झालेले कळत नाहीत आणि कळले की तो रडतो. हा माणूस. तीस हिवाळे ज्यानं तुमच्यासारख्यांचे रस्ते मोकळे केले. तो नर्सांना हसवतो ते खरं आहे. त्याची करंगळी हलली तेही खरं आहे. म्हणून तर म्हणते, त्याला इथं ठेवा. जो बरा व्हायला निघालाय त्याला मधेच उतरवू नका."

"नोंदीत असं आहे की तुम्ही 'आम्ही जमवू' म्हणालात."

"म्हणाले."

"आणि मदत नाकारलीत."

"एकदा नाकारली! पुन्हा विचारायला हवं होतं तुम्ही."

"नियमानुसार प्रश्न एकदाच विचारला जातो, मिसेस टॉलेफसन." आवाजात राग नव्हता, तेच जास्त भीतिदायक होतं. "मिस्टर टॉलेफसन तिथे आहेत का? सर, तुम्हाला कसं वाटतंय?"

आता आर्डिसनं बघितलं. या प्रश्नाला वेंडेलचं एकच उत्तर होतं, आयुष्यभराचं. तक्रार नाही. वडील मेले तेव्हा, बोट यंत्रात चिरडलं तेव्हा, पोटचं एकुलतं पोर जन्मून तासाभरात गेलं तेव्हा. तक्रार नाही. त्याचा वाकडा ओठ हलायला लागला. आर्डिसला वाटलं, संपलं. आता हा ते म्हणणार आणि तो ते टाइप करणार.

"भी..." वेंडेल म्हणाला. थांबला. घाम आला होता त्याला. "भी... ती. वाटते."

होदाननं रुमालाचं टोक तोंडाशी धरलं. वेंडेलनं डावा हात आर्डिसकडे सरकवला आणि तिनं तो धरला. कळा टकटकल्या की नाही ते तिला ऐकू आलं नाही.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाला. "मी सगळं नोंदवलंय. निर्णय कामकाजाच्या दोन दिवसांत कळवण्यात येईल."

"दोन दिवस? उद्या शुक्रवार आहे. उद्या सकाळी दहाला त्याला खुर्चीत बसवून दाराशी आणून ठेवणार आहेत."

"कार्यपद्धती तशी आहे. आणखी काही सांगायचंय?"

"सांगायचं नाही. विचारायचंय." आर्डिस उभी राहिली. तोंड तिनं फोनच्या अगदी जवळ नेलं. "उद्या आमच्या घरी पाण्याचा घोट त्याच्या घशात अडकला, तर मी काय करायचं?"

"मिसेस टॉलेफसन, मला आता पुढचा फोन..."

"दुसऱ्यांदा विचारते. माझा हात उठत नाही, तो साडेपाच गोण्यांचा आहे, सगळ्यात जवळची रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांवर आहे. घोट अडकला तर मी काय करायचं?"

पलीकडे नुसता श्वास. त्या माणसाला श्वास आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं.

"आमच्यात तीनदा विचारतात, डॉक्टर. तिसऱ्यांदा विचारल्यावर समोरच्यानं खरं बोलायचं असतं. मी बोलले. हा बोलला. आता तुमची पाळी. मी फोन ठेवणार नाही, पुढचे फोन थांबू देत. तिसऱ्यांदा विचारते. घोट अडकला, तर मी काय करायचं? बोला."